डबा तोच, जागा वेगळी

रोजच्या ताणाबद्दल मराठीत दोन प्रकारचं बोलणं सतत कानावर येतं. एक पक्ष म्हणतो, ताण मनात असतो, तेव्हा मन आवरा. दुसरा म्हणतो, ताण परिस्थितीत असतो, तेव्हा परिस्थिती बदला. हे दोन पक्ष एकमेकांशी क्वचितच बोलतात. पहिला कार्यशाळा घेतो, दुसरा मोर्चा काढतो. इथे दोघांना समोरासमोर बसवलं आहे, आणि बसवलं आहे ते मुंबईच्या लोकलच्या डब्यात. कारण ताणाचं याहून नेहमीचं उदाहरण सापडणं कठीण. करोनापूर्वी दिवसाला सुमारे ७५ लाख प्रवासी या गाड्यांनी जात-येत होते. त्यांतल्या बहुतेकांवर कुठलीही मोठी आपत्ती कोसळलेली नव्हती. वेळेवर पोहोचायचं, उभं राहायला जागा मिळवायची आणि संध्याकाळी घरी गेल्यावर मुलांवर न खेकसता जेवायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडच्या जुन्या वादपद्धतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष बोलेल, मग उत्तरपक्ष. उत्तरपक्ष माझा आहे, हे आधीच सांगून टाकतो. समोरच्याला मुद्दाम दुबळं ठेवण्याचा मोह टाळायचा प्रयत्न केला आहे. तो किती साधला, ते वाचकाने पाहावं.

पूर्वपक्ष : सकाळच्या बदलापूर जलद गाडीचा डबा डोळ्यांसमोर आणा. एका कोपऱ्यात भजनी मंडळाचे टाळ वाजताहेत. मधल्या बाकांवर मांडीवर बॅग आडवी ठेवून पत्त्यांचा डाव रंगलाय. कुणी उभ्यानेच डुलकी काढतोय, आणि त्याच्या शेजारचा माणूस घड्याळाकडे बघत दातओठ खातोय. गर्दी सगळ्यांना सारखी, उकाडा सारखा, गाडीला झालेला उशीरही सारखाच. तरी एकाच्या अंगाचा तिळपापड होतो आणि दुसरा अभंग म्हणतो. मग गर्दी हे कारण कसं ठरेल? अल्बर्ट एलिस १९५५पासून हेच सांगत आले, की घटना आणि भावना यांच्या मधे आपली समजूत बसलेली असते. ‘गाडी वेळेवर आली तर बरं’ असं म्हणणारा माणूस उशीर झाल्यावर नाराज होतो. ‘गाडी वेळेवर आलीच पाहिजे’ म्हणणारा पेटतो. महाराष्ट्रात ही पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून चांगली रुजली आहे, अंजली जोशींनी तर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरीच लिहिली. त्या हट्टी ‘च’वर काम करणं प्रत्येकाच्या हातात आहे. रेल्वेचं वेळापत्रक कुणाच्याच हातात नाही.

उत्तरपक्ष : तुमचं निरीक्षण खरं आहे, पण डब्यातली माणसं सारख्याच परिस्थितीत आहेत हे तुम्ही गृहीत धरलंत. टाळ कोण वाजवतंय ते बघा. ज्यांची गाडी ठरलेली, डबा ठरलेला, ज्यांना सुरुवातीच्या स्थानकात बसायला मिळतं आणि ठाण्याला ‘आता तू बस’ म्हणून उठवणारा गट आहे, ते. दातओठ खाणारा बहुधा मधल्या स्थानकावर चढलेला असतो. या फरकावर स्टॉकहोममध्ये फार सुंदर अभ्यास झाला आहे. उल्फ लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात उपनगरी गाडीने शहरात जाणाऱ्यांच्या लघवीतलं ॲड्रेनलिन मोजलं. काही प्रवासी पहिल्या स्थानकावर चढत, काही मधल्या. पहिल्यांचा प्रवास बराच जास्त वेळाचा होता, म्हणजे त्रासही जास्त असायला हवा होता. उलटं निघालं. ताण मधे चढणाऱ्यांच्या शरीरात अधिक होता. लांबून येणाऱ्यांना रिकाम्या डब्यात कुठे बसायचं, सामान कुठे ठेवायचं, कुणाशेजारी बसायचं, हे ठरवता येत होतं. मधे चढणाऱ्यांच्या वाट्याला उरलेलं येत होतं. डोंबिवलीकरांना हा शोध लागून जमाना झाला. त्यांच्यातले कित्येक आधी उलटे कल्याणला जातात, तिथे जागा पकडतात आणि त्याच गाडीने आपल्या स्थानकावरून पुढे निघतात. वेळ जास्त, पासाचे पैसे जास्त, आणि तरी हा सौदा त्यांना परवडतो. ते नुसती बैठक विकत घेत नसतात, सकाळचा एक तुकडा आपल्या मर्जीने जाईल याची खात्री विकत घेतात.

आणि तुम्ही एकाच डब्यातली दोन मनं दाखवलीत, तर मी एकच मन दोन वेळांना दाखवतो. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या आकलनाच्या चाचण्या तोडणीआधी, हात आखडलेला असताना घेतल्या, आणि पुन्हा तोडणीनंतर, पैसे हातात आल्यावर. हा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. तोडणीआधी त्याच माणसांची कामगिरी कमी होती. मधल्या काळात कुणी त्यांच्या समजुती बदलायला गेलं नव्हतं. उसाचं बिल तेवढं मिळालं होतं.

पूर्वपक्ष : उसाचं बिल हा टोकाचा दाखला झाला, पैशाची चणचण मन पोखरते हे मी कधी नाकारलं? पण ताबा, मर्जी, खात्री हे जे तुम्ही म्हणताय, त्यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग तुम्हीच आणाल म्हणून मी आधीच आणतो. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांचं ‘अर्बन स्ट्रेस’ हे पुस्तक १९७२चं. लोकांना अवेळी, अचानक होणारा कर्कश आवाज ऐकवला. काहींजवळ एक बटण ठेवलं आणि सांगितलं, अगदी असह्य झालं तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. ज्यांनी ते दाबलं नाही त्यांनाही आवाज इतरांइतकाच ऐकावा लागला. तरी नंतर कोडी सोडवायला आणि मुद्रितं तपासायला दिली तेव्हा बटणवाले अधिक चिकाटीने बसले, त्यांच्या चुकाही कमी झाल्या. आता सांगा, आवाज कमी झाला होता का? नाही. बदललं काय? ‘हे मला थांबवता येईल’ ही समजूत. म्हणजे तुमच्याच पुराव्याने माझं म्हणणं सिद्ध होतं. खात्री मनातच निर्माण होते, तर मग बटणाची वाट कशाला पाहायची? ती खात्री श्वासातून, ध्यानातून, विचार तपासून निर्माण करू या.

उत्तरपक्ष : हा तुमचा सगळ्यात धारदार मुद्दा आहे, आणि त्यातला निम्मा मी मान्य करतो. समजुतीने शरीर बदलतं, यात शंका नाही. पण ती समजूत त्या लोकांनी डोळे मिटून कमावली नव्हती. टेबलावर बटण ठेवलेलं होतं आणि ते ठेवणारा प्रयोगकर्ता होता. ज्यांच्यासमोर बटण नव्हतं त्यांना ‘समजा, बटण आहे’ असं सांगून भागलं असतं का? एखाद दिवस कदाचित. इंडिकेटरवर गाडी चार मिनिटांत दाखवतात आणि ती पंधरा मिनिटांनी येते, असं आठवडाभर झालं की प्रवासी इंडिकेटरकडे बघायचं सोडून रुळांकडे वाकून बघू लागतो. खात्रीला आधार लागतो, आणि तो आधार माणसाच्या बाहेर असतो.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांवरचे व्हाइटहॉल अभ्यास घ्या, त्यांचे निष्कर्ष मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. पहिला १९६७ साली सुरू झाला. सगळे नोकरदार, सगळे पगारी, उपासमार कुणाचीच नाही. तरीही हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा अगदी खालच्या श्रेणीतल्या निरोप्यांमध्ये आणि द्वारपालांमध्ये तिपटीहून जास्त आढळलं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरक पुरता मिटला नाही. साहेबाला ताण जास्त असतो ही आपली लाडकी कल्पना तिथेच मोडली. १९८५ साली दुसरा अभ्यास सुरू झाला, त्यात १०,३०८ स्त्रीपुरुष होते, आणि या वेळी कामावर माणसाचा किती ताबा आहे हे मुद्दाम विचारलं गेलं. तुमची शंका त्या संशोधकांनाही आली असणार, की स्वभावाने कुरकुरणारा माणूस ‘माझ्या हातात काही नाही’ असंच लिहिणार, आणि मग आपण ताबा मोजतोय की कुरकुर? म्हणून त्यांनी ताबा दोन तऱ्हांनी मोजला. एकदा कर्मचाऱ्याला विचारून, आणि दुसऱ्यांदा आस्थापना विभागातल्या माणसांकडून त्या त्या कामाचं बाहेरून मूल्यमापन करून घेऊन. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही मापांनी उत्तर एकच आलं. कामावर ताबा कमी, तर हृदयविकार जास्त. बाहेरच्या माणसाला दिसणारा ताबा हा त्या कर्मचाऱ्याच्या मनाचा खेळ असू शकत नाही.

पूर्वपक्ष : ठीक आहे. पण तुमचं म्हणणं ऐकून उद्या सकाळी ७:४०ला फलाटावर उभ्या राहणाऱ्या माणसाने काय करायचं? ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकांची पायाभरणी २००८ची, आणि त्या सुरू झाल्या फेब्रुवारी २०२२ मध्ये. एवढ्या वर्षांत एक पिढी कामाला लागते. तुम्ही त्याला सांगता, दोष व्यवस्थेचा आहे. खरं आहे, पण ते ऐकून तो अधिकच हतबल होतो, आणि हतबलता हाच विकार आहे असं तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत. उलट माझ्याकडे आपल्या शेजारचाच पुरावा आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी झाली, २०१७च्या ‘लॅन्सेट’मध्ये ती छापून आली. मानसोपचाराचं आधीचं शिक्षण नसलेल्या, त्या कामापुरत्या तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकी घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. नेहमीची काळजी घेतलेल्यांत ते प्रमाण ३९ टक्के होतं. कुणाचा पगार वाढला नव्हता, कुणाची वस्ती बदलली नव्हती. नुसत्या बोलण्याने हे झालं.

उत्तरपक्ष : नुसत्या बोलण्याने नाही हो. त्या बैठकींत काय चालायचं ते बघायला हवं. हा उपचार माणसाला बरे विचार शिकवण्यावर उभा नव्हता. सोडून दिलेली कामं परत हातात घ्या, दिवसाचा आराखडा करा, लोकांमध्ये जा, आणि अडलेला प्रश्न सुटण्याजोगा असेल तर त्याचे तुकडे पाडून एकेक सोडवा, अशी त्याची घडण होती. आधी कृती, मग भावना मागून येते. म्हणजे समुपदेशक त्या रुग्णाच्या हाती त्याच्याच आयुष्यातली छोटी छोटी बटणं परत देत होता. उपचार माझ्या विरुद्ध जात नाही. तो माझ्याच म्हणण्याची घरगुती आवृत्ती आहे. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ साली ताणाशी झुंजण्याच्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्या, एक प्रश्नाला हात घालणारी आणि दुसरी भावना सांभाळणारी. त्यांनी कुठलीही एक श्रेष्ठ ठरवली नाही. जिथे काही करता येतं तिथे पहिली, जिथे काहीच करता येत नाही तिथे दुसरी. सिग्नलला गाडी अडकली आहे, दार तीन माणसांपलीकडे आहे, अशा वेळी सावकाश श्वास सोडण्याइतका शहाणा उपाय नाही, आणि तो करणाऱ्याला मी हसणार नाही. माझी तक्रार आहे ती प्रश्नाला हात घालता येतो तिथेही भावना सांभाळायला पाठवण्याबद्दल. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांच्या दारातून प्रवासी पडले आणि काहींचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावर दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाला वाटणारी भीती ही अविवेकी समजूत नव्हे.

एक गोष्ट मात्र या वादाच्या बाहेर ठेवू. ज्याची झोप आणि भूक दोन-दोन आठवडे उडाली आहे, किंवा ज्याच्या मनात जगणं संपवण्याचे विचार येताहेत, त्याने कोण बरोबर हे ठरायची वाट बघू नये. डॉक्टरकडे जावं, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करावा. ऑक्टोबर २०२२पासून ही सरकारी सेवा चालू आहे.

पूर्वपक्ष : त्यावर आपलं एकमत आहे. पण ताबा, ताबा म्हणून तुम्ही ज्याचं कौतुक चालवलंय त्याची दुसरी बाजू याच डब्यात दिसते, ती तुम्ही सोयीने टाळलीत. तोच भजनी गट रुमाल टाकून जागा अडवतो. विरार गाडीत बोरिवलीला उतरणाऱ्याला दाराशी येऊ देत नाहीत, वर ‘ही गाडी का पकडली’ म्हणून दम देतात. पहाटे कारशेडमधूनच गाडी भरून आणणारे फलाटावर वाट बघणाऱ्याला उभं ठेवतात. या सगळ्यांनी तुमच्या सल्ल्याप्रमाणे ताबाच मिळवला आहे. एकाचा ताबा हा दुसऱ्याचा ताण. माझा श्वास मात्र कुणाची जागा खात नाही.

उत्तरपक्ष : याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. डब्यात ताबा खरोखरच बाकांइतका मर्यादित आहे, आणि तो एकेकट्याने मिळवायचा म्हटलं की दांडगाई होणारच. तुमचं एवढं मान्य केल्यावर मी उलट विचारतो, की मग हा ताबा वाटण्याचं काम कुणाचं? ५ मे १९९२ला चर्चगेट आणि बोरिवलीदरम्यान पहिली महिला विशेष गाडी धावली. त्यातल्या बायकांना सहनशक्तीचे धडे दिले असते तर ते कुणाला खटकलंही नसतं. त्याऐवजी त्यांना गाडी दिली गेली. अशी वाटणी प्रवाशांच्या आपापसातल्या रेटारेटीतून झाली नसती, वेळापत्रक हातात असलेल्यांनाच ती करता आली.

आणि सगळ्यात स्वस्त बटण रेल्वेकडेही नाही, ते कचेरीत आहे. साडेनऊचं हजेरीपुस्तक बघा. अनेक कचेऱ्यांत तीन लेट मार्क झाले की एक किरकोळ रजा कापतात. त्या लेट मार्कच्या भीतीने लाखो माणसं एकाच अर्ध्या तासात तेच दार गाठायला बघतात. मग तीच कचेरी वर्षातून एकदा ताणव्यवस्थापनाची कार्यशाळा ठेवते, चहा-बिस्किटांसकट, आणि त्या कार्यशाळेला उशिरा येणाऱ्याचाही लेट मार्क लावते. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या संगणक विभागात फिलिस मोएन, एरिन केली आणि सहकाऱ्यांनी हे उलटं करून पाहिलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काही गटांना कधी आणि कुठून काम करायचं हे ठरवायची मोकळीक दिली आणि वरिष्ठांना आधार द्यायला शिकवलं, बाकीच्यांचं पूर्ववत चालू ठेवलं. मोकळीक मिळालेल्यांचा थकवा आणि ताण कमी झाला, कामातलं समाधान वाढलं. याच्या जोडीला ब्रिटनमधला विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४चा अभ्यास ठेवा. २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीत, ध्यानाची ॲप, ताणाचे वर्ग, लवचीक मनाचं प्रशिक्षण अशा वैयक्तिक उपायांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे दिसले नाहीत.

पूर्वपक्ष : तो अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या छायाचित्रासारखा आहे. ज्यांना आधीच जास्त त्रास होता तेच अशा वर्गांना गेले असतील, मग ते इतरांच्या बरोबरीने दिसणं हेही यशच म्हणायचं.

उत्तरपक्ष : शक्य आहे, म्हणून मी त्या एका अभ्यासावर सगळा भार टाकत नाही. मोएन-केलींची चाचणी मात्र तशी नव्हती, तिथे कोण कुठल्या गटात जाईल हे माणसाने निवडलेलं नव्हतं.

पूर्वपक्ष : बरं, संगणकवाल्यांना वेळेची मोकळीक देता येईल. रुग्णालयातल्या परिचारिकेचं काय? सुरक्षारक्षक, दुकानातली विक्रेती, चार घरची धुणीभांडी करणारी बाई? रात्रपाळीची परिचारिका ‘आज मी अकराला येते’ म्हणाली तर वॉर्ड कुणाच्या भरवशावर सोडायचा? तुमचा सगळा युक्तिवाद खुर्चीत बसून काम करणाऱ्यांपुरता आहे. उरलेल्यांना शेवटी माझ्याचकडे यावं लागतं.

उत्तरपक्ष : त्यांना वेळ निवडता येणार नाही हे खरं, पण वेळ आधी कळू शकते. ताब्याची ही धाकटी बहीण आहे, अंदाज. ग्लास आणि सिंगर यांच्याच प्रयोगांत ठरावीक अंतराने होणारा आवाज अवचित होणाऱ्या आवाजापेक्षा मागे कमी परिणाम सोडून गेला होता. आपल्याकडे कितीतरी जणींना पुढच्या आठवड्याची पाळी शनिवारी संध्याकाळी कळते, बदललेली पाळी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर. मुलाची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, स्वतःची झोप, सगळं त्या एका संदेशावर टांगलेलं. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०१७ साली मोठ्या दुकानसाखळ्यांना आणि खाद्यगृहांना पाळ्यांचं वेळापत्रक १४ दिवस आधी देणं बंधनकारक केलं, आणि ऐनवेळी बदल केला तर जादा पैसे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या कामगारांची झोप सुधारलेली दिसली, आपण आनंदी आहोत असं सांगणारेही वाढले. कामाचं स्वरूप तेच राहिलं होतं.

पूर्वपक्ष : आणि वॉर्डातली दुसरी परिचारिका त्या दिवशी तापाने आडवी झाली तर? चौदा दिवस आधी ताप कळत नाही.

उत्तरपक्ष : नाही कळत. मग बदली परिचारिका राखीव ठेवावी लागते, किंवा ऐनवेळी बोलावलेलीला जादा मोबदला द्यावा लागतो. दोन्हींना पैसे पडतात, आणि ते रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात दिसतात. आत्ताही खर्च होतोच आहे. तो कुठल्या अंदाजपत्रकात लिहिला जात नाही, एवढंच. तो कुणी भरावा, यावर आपण दोघं अजून बरंच भांडू शकतो. तिला मात्र उद्याची पाळी आज रात्री नऊच्या आत कळलेली बरी.